मिस्टर थॉर्नबी साहेब डाक्टर कैसे जाहले

श्रीगजाननास नमन, धन्वंतरीस नमन, आणि ज्यांचे पोट आजपावेतो दुखले नाही त्या श्रोत्यांस दुरून नमन. शके अठराशे अठ्ठावीस, पराभवनाम संवत्सरे, माहे भाद्रपद, ते समयीचे वर्तमान ऐसे जे, एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. महाराज वयाने लहान, सबब सर्व कारभार मैनाबाई आईसाहेब पाहात, आणि आईसाहेबांचे वतीने कारभारी विसाजीपंत पाहात, आणि विसाजीपंतांकडे कोणी पाहात नसे. त्या राज्यी विलायतेहून गिल्बर्ट थॉर्नबी नामे सर्जन चाकरीस आले होते. यांचे तीर्थरूप पाद्री. साहेबांनी बाळपणी बेडूक फाडिले आणि पुन्हा शिविले, त्यांतील एक उडी मारून गेला, तेव्हा तीर्थरूपांनी जाणिले की हा मुलगा पाद्री होत नाही. मग थोर शहरी जाऊन विद्या केली, परीक्षा देऊन डाक्टर जाहले, आणि मग त्याहून कठीण परीक्षा दिल्या आणि डाक्टर हे पद गेले, मिस्टर जाहले. त्या मुलखी रीतच ऐसी की औषध देणारा तो डाक्टर आणि सुरी धरणारा तो मिस्टर, आणि सुरीवाल्यास कोणी डाक्टर म्हणावे तर तो लाल होतो. अधिक शिकावे तो पदवी कमी व्हावी ऐसे ते लोक, त्यांनी अर्धी पृथ्वी कैसी घेतली हे आम्हास उमगले नाही.

असो. या राज्यी येऊन साहेबांनी मुतखडे, मोतीबिंदू, गळवे यांजवर स्वाऱ्या केल्या आणि बहुत ठिकाणी यश घेतले, आणि जेथे यश आले नाही तेथील माणसे बोलावयास राहिली नाहीत, म्हणून कीर्ती जाहली. लोक त्यांस नुसते साहेब म्हणत, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. ऐशात भाद्रपदी आईसाहेबांचे उजव्या कुशीत कळ उठली, ताप भरला, अळशीची पोटिसे बांधिली, अंगारे लाविले, आणि कळ काही हटेना. मग साहेबांस पाचारण जाहले. साहेबांनी पडद्याआडून हात घालून कुस चाचपली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आत पू धरला आहे. आज कापला तर आईसाहेब वाचतील. आत फुटला तर वाचत नाहीत."

विसाजीपंत म्हणाले, "उत्तम. परंतु दरबारचा रिवाज आहे. राजघराण्याचे अंगास डाक्टर-वैद्याखेरीज परपुरुषाने सुरी लावू नये. तरी मी डाक्टर आहे, इतके आपण भरदरबारी मुखाने बोलावे. रीत म्हणून."

साहेब म्हणाले, "मी डाक्टर नाही."

पंत म्हणाले, "नाही म्हणजे?"

"मी मिस्टर आहे."

"मिस्टर तर आमचे जंगलखात्याचे साहेबही आहेत! त्यांचे हाती सुरी द्यावी काय?"

मग साहेबांनी छाती काढून उलगडा केला की, पूर्वी आमचे मुलखी चिरफाडीचे काम न्हाव्यांकडे असे, आमचे मंडळ आणि न्हाव्यांचे मंडळ एकच होते, त्यांस डाक्टर कोणी म्हणत नसे, तोच मान आम्ही अद्याप मिरवितो. हे ऐकून सरकारी न्हावी तुळाजी खांबापाशी उभा होता तो पुढे धावला आणि म्हणाला, "आवं साहेब, मग आदी न्हाई का सांगायचं? आपुन तर भाऊबंद निघालो!"

पंत ओरडले, "तुळाजी, मागे हो! न्हाव्याने आईसाहेबांचे पोटास सुरी लावावी काय?"

तुळाजी म्हणाला, "का वो पंत? रोज सकाळी तुमच्या नरड्यावर वस्तरा कोन फिरवतंय? तवा गप डोळं मिटून बसता."

दरबारातील काही मंडळी खोकली. मग पंतांनी साहेबांस एकीकडे घेऊन हात जोडिले की, एक शब्द तर बोलावयाचा, बोलून टाका. साहेब म्हणाले, "तो शब्द टाकावयास माझी उमेदीची वर्षे गेली, पंत. मी भरदरबारी डाक्टर म्हणवून घेतले हे तिकडे कळले तर आमचे मंडळातील लोक मला पंक्तीस घेणार नाहीत." पंक्तीचे नाव निघताच अवघ्या दरबारास साहेबांचे दुःख समजले, आणि दोघा शास्त्र्यांनी तर डोळे पुसले, आणि यावर प्रायश्चित्त काय याचा खल सुरू जाहला. तिकडे पडद्याआड आईसाहेब कण्हत होत्या.

मग आतून आवाज आला, "पंत, खल पुरे. साहेब, ऐकता का?"

साहेब म्हणाले, "ऐकतो, आईसाहेब."

"तुमची तिकडची पंक्त उठली तर इकडे आमच्या पंक्तीस बसा. पुरणाचे जेवण घालू. पण वाढायला आम्ही असलो पाहिजे ना?"

मग साहेबांनी टोपी काढून हाती धरिली आणि म्हणाले, "मी डाक्टर आहे."

पंत म्हणाले, "जरा मोठ्याने. मागे ऐकू गेले नाही."

साहेबांनी डोळे मिटून पुन्हा मोठ्याने सांगितले, आणि मग हात धुवावयास गेले. क्लोरोफॉर्म हुंगविला, उजव्या कुशीची बगल धरून मोर्चे लाविले, सुरी चालली, आणि आतील गनीम वाटीभर निघाला, त्याची दुर्गंधी ऐसी की पंत बाहेर बसल्या जागी आडवे जाहले. आईसाहेब शुद्धीवर येऊन प्रथम म्हणाल्या, "पंतांस कांदा हुंगवा."

आईसाहेब बऱ्या जाहल्या, आणि साहेबांस शालजोडी, कडे आणि डाक्टर हा किताब वंशपरंपरेने दिधला, आणि साहेबांची गाडी निघाली की पुढे चोपदाराने "डाक्टरसाहेब येतात होऽ" ऐसे पुकारावे ठरले. विलायतेस वर्तमान पोचले आणि मंडळी बहुत हसली, आणि मंडळाच्या जेवणाची बोलावणी बंद जाहली. साहेबांनी आईसाहेबांस विनंती केली की, निदान चोपदार तरी आवरावा. आईसाहेब म्हणाल्या, "तो ओरडतो म्हणून बायामाणसे पोट दाखवायला बाहेर येतात. तुम्ही कानात कापूस घाला." साहेबांनी कापूस घातला नाही, आणि पुढे कित्येक वर्षे चाकरी केली, आणि पुरणही खाऊ लागले.

शेवटी पेन्शन घेऊन आगबोटीने स्वदेशी निघाले. समुद्रात एके दिवशी एका खलाशाचे पोटी कळ उठली, तो लोळू लागला, आणि कप्तान धावत येऊन ओरडला, "कोणी डाक्टर आहे काय?" तेथे साहेबांच्याच मंडळातील दोघे नामांकित मिस्टर पत्ते खेळत होते. ते खेळतच राहिले, कारण डाक्टर विचारला होता. थॉर्नबी साहेब उठले आणि म्हणाले, "मी आहे."

खलाशी वाचला. सारांश, थॉर्नबी साहेब शिकून डाक्टर जाहले, अधिक शिकून मिस्टर जाहले, आणि त्यापुढे जे शिकले त्याची परीक्षा विलायतेत अद्याप निघाली नाही. वर्तमान जैसे ऐकिले तैसे लिहिले. श्रोत्यांनी पोटास जपावे. इति.