आवाज बंद ठेवून

सरावाच्या व्हिडिओत चाळीस इंग्रजी शब्द होते, ते उच्चारणारी एक गोरी मॅडम होती आणि भिंतीपलीकडे चौदा पावरलूम होते. मॅडम 'शिप' म्हणाली की 'शीप', स्वर ह्रस्व की दीर्घ, एवढंच सायलीला ओळखायचं होतं. शाहपूरच्या शाळेत प्राथमिकला इंग्रजी शिकवण्यासाठी ही कानाची परीक्षा होती. तीस बरोबर आले तर नोकरी. मागच्या खेपेला एकवीस आले होते आणि दुसरी, शेवटची संधी शनिवारी होती. लिहिताना तिची वेलांटी कधी चुकत नसे. कान मात्र दोन्ही एकच ऐकत.

लूमच्या खडखडाटावर उपाय म्हणून नवऱ्याने, बी.एस्सी. झालेल्या ऋषिकेशने, फोन पातेल्यात ठेवला. आवाज मोठा झाला, पण असा घुमला की सायलीने सदतीस शब्द दीर्घ ठरवले. सासूबाईंनी खिचडी कशात टाकू म्हणून विचारल्यावर फोन गोधडीत गेला. तिथे सगळेच शब्द ह्रस्व झाले.

मग ऋषिकेशने कॉम्प्युटरवर स्वर मोजले. ह्रस्व 'बिड' दीर्घ 'बीट'पेक्षा लांब भरला. त्याने तीनदा मोजलं.

"मशीन बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "इंग्रजीच अशी आहे."

व्हिडिओ आवाज बंद करून तसाच चालू राहिला होता. सासरे भिकनअण्णा चहाचा कप घेऊन समोर बसले आणि बशीत ओतता ओतता बोलू लागले, "लांब. छोटा. छोटा. लांब." चौतीस वर्षं ते लूमवर होते. तिथे कुणाचा आवाज कुणाला पोचत नाही, भांडणंसुद्धा ओठांवर वाचतात. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. ऋषिकेशने उत्तरं ताडून पाहिली. चाळीसपैकी एकोणचाळीस.

"अण्णा, कसं कळलं?" सायलीने विचारलं.

"लांबाला ओठ ताणतात, छोट्याला ढिले सोडतात. तू बोल बरं."

ती दोन्ही शब्द बोलली.

"तुझे तर दोन्ही सेम टू सेम आहेत, बेटा. बोलशील नाही तर ऐकशील कुठून?"

दुसऱ्या दिवसापासून सायली भिंतीपलीकडच्या लूमच्या शेडच्या एका टोकाला आणि अण्णा दुसऱ्या टोकाला. ती शब्द बोले. दीर्घ पोचला तर अण्णा पूर्ण हात वर करत, ह्रस्व पोचला तर एक बोट. शुक्रवारी शेडमधले अकराही कामगार हात वर करू लागले. त्या नादात दोन लूमचे धागे तुटले ते कुणाला दिसले नाहीत. मालक ओरडत आला. तो काय म्हणतोय ते सगळ्यांना कळलं.

शनिवारी परीक्षेत नुसता आवाज होता, चेहरा नव्हता. सायलीने प्रत्येक शब्द आधी स्वतःच्या ओठांवर घेतला, मग खूण केली. पर्यवेक्षक बाईंना वाटलं, ही जप करतेय.

रविवारी ऋषिकेशने कामगारांना तोच सरावाचा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला. सोमवारी शाळेचा निकाल आला. त्याने दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले.

सायली, ऐकून: चौतीस.

अकरा कामगार, न ऐकता, सरासरी: सदतीस.