अण्णांची आठ बोटं

दुपारचे चार वाजले की अण्णा भर रस्त्यात सायकलवरून उतरायचे. सूर्याकडे हात लांब करायचे, एक डोळा मिटायचे आणि सूर्य नि डोंगर यांच्यामध्ये बोटं आडवी लावून मोजायचे. मग आरोळी, "आठ बोटं ऱ्हायली रं! हाणा!"

एक बोट म्हणजे पाव तास. अण्णा जैन. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. सांगलीत हळदीचं दुकान, वय पंचावन्न, पोट थोडं पुढे. महायुद्ध संपून सायकलचे टायर पुन्हा मिळू लागले, तसं त्यांनी एक दिवस दुकानाच्या पायरीवरून जाहीर केलं, "दिल्लीला जायाचं. सायकलवरनं. कोण येतंय?" मी शेजारचा मास्तर. त्या वेळी तोंडात त्यांनीच दिलेला पेढा होता, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. फौजेतून सुटून आलेला शिवा आणि बंडू कंपाउंडर हे मात्र शुद्धीवर असताना तयार झाले.

संक्रांत झाल्यावर निघालो. काय तो थाट! हँडलला झेंडूच्या माळा, कॅरिअरला दशम्या, मागे अर्धी गल्ली. मी इतका फुगलो होतो की, मागे वळून हात हलवताना पहिल्या शंभर पावलांतच एका म्हशीवर गेलो. म्हैस हलली नाही. अण्णा म्हणाले, "मास्तर, दिल्ली तिकडं हाय."

पहिला मुक्काम इस्लामपूर. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, गुऱ्हाळांचा वास, आणि आम्ही घंट्या वाजवत सुटलेलो. लोक विचारायचे, "कुठवर रं?" "दिल्ली!" म्हणताना माझी छाती दर वेळी इंचभर वाढायची. सायकली रमतगमत चालवायला मिळायच्या त्या मात्र चारपर्यंत. त्यानंतर आम्ही चौघं सूर्याशी शर्यत लावायचो. शिवा म्हणायचा, "अण्णा, फौजेत बी एवढी घाई न्हवती. तिथं मागनं नुसती गोळी यायची."

कऱ्हाडला अण्णांनी विश्वासानं मोजणी माझ्यावर सोपवली. मी हात लांब करून सांगितलं, "सहा बोटं!" त्या भरवशावर आम्ही कृष्णेत मनसोक्त डुंबलो. बाहेर येऊन अण्णांनी दशमी सोडली, तर तिसऱ्या घासाला सूर्य गायब. अण्णांनी माझा हात धरून बोटं निरखली. "ही बोटं न्हवंत, शेवग्याच्या शेंगा हायत. असल्या बारक्या बोटांनी सहाच काय, बारा भरतील." त्या दिवसापासून बंडू मला 'शेंगा मास्तर' म्हणू लागला.

साताऱ्यात वेगळाच पेच. सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड गेला नि अण्णांचं ताट अर्धं. बंडू म्हणाला, "मावळला की, अण्णा!"

"मावळला न्हाई, आड गेलाय. डोंगर सरकीव, दाखवतो."

या गतीनं आठवडाभरात आम्ही जेमतेम खंबाटकी घाटापाशी आलो. पायी निघालेला माणूसही तोवर पोचतो. शिवाचं म्हणणं, आपण दिल्लीत पोचायच्या आधी इंग्रज तिथून निघून जाणार.

त्या सातव्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली एक मोठी गाढवपणाची गोष्ट केली. घाटाच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर ताजी काकवी मिळाली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असं म्हणून मी तांब्याभर काकवी प्यालो आणि वडाखाली पाच मिनिटं टेकलो.

जागा झालो तो अण्णांच्या घंटीनं. ते घामानं निथळत होते.

"हाडं शाबूत हायत न्हवं? कुटं पडला-बिडला न्हाईस?"

मी काकवीनं चिकटलेल्या मिशा पुसल्या. "झोप लागली, अण्णा."

त्यांनी सूर्याकडे हात केला. एक बोटसुद्धा मावत नव्हतं. मला एकदम आठवलं, घाटापलीकडच्या खंडाळ्यात त्यांच्या ओळखीच्या घरी आज जेवण होतं.

"तुम्ही जेवलात ना?"

"पानं वाढली तवा चार बोटं हुती. तुजा पाट रिकामा दिसला."

म्हणजे हा माणूस वाढल्या ताटावरून उठून अख्खा घाट उलटा ओलांडून आला होता. आम्ही सायकली ढकलत चढू लागलो. पहिल्याच वळणावर सूर्य गेला. या वेळी अण्णांनी डोंगराला दोष दिला नाही.

"जेवून यायचं की, अण्णा! मी कुठं पळून जात होतो?"

अण्णांनी आणखी एक वळण सायकल ढकलली. मग सायकलकडे बघतच म्हणाले, "ही बोटं मोजायला आमच्या घरचीनं शिकवलं. ताट वाढून उंबऱ्यात हुबी ऱ्हायची, हात आसा लांब करून. मी दुकानात. गिऱ्हाईक आलं, गप्पा लागल्या, की सूर्य बुडायचा. मग मी उपाशी, तीबी उपाशी. मी म्हणायचो, तू जेवून घ्यावंस की. ती नुसती हसायची." घंटी उगाच एकदा वाजवली. "आता लय येळेवर येतो मी. वाढायला ती न्हाई."

खंडाळ्यात मी जेवणार नाही म्हणून बसलो, तर अण्णांनी स्वतः माझ्या पानात भाकरी वाढली. "खा मुकाट्यानं. उद्या तुलाबी ढकलत न्यायचं हाय का?" मी खात होतो आणि ते समोर बसून कौतुकानं बघत होते. पाण्याचा थेंबही न घेता.

दुसऱ्या दिवशी चारला हात वर झाला. आरोळी आली, "सात बोटं!"

मी माझ्या शेंगा लावून बघितल्या. मग शिवाची बोटं लावून बघितली. "अण्णा, आठ आहेत."

"एक तुज्या झोपेचं वजा केलंय, मास्तर. हाणा!"

त्या दिवशी मुक्कामावर सगळ्यांत आधी मी पोचलो. चार पाट मांडले, पाणी भरून ठेवलं, आणि उंबऱ्यात उभा राहून, एक डोळा मिटून, माझ्या शेवग्याच्या शेंगा मोजत अण्णांची वाट बघू लागलो.