काकडेंचा फलाट

बालमनाचं कोडं सोडवायला करुणा, संयम आणि शास्त्र लागतं. काकडेंच्या मते त्याआधी शिट्टी लागते. ती डॉक्टरबाईंनी पहिल्याच गुरुवारी काढून घेतली.

काकडे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. नव्वदच्या दशकात पंचवटीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरबाई दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. नंबर दोन-दोन महिन्यांनी लागायचा. तिथली रांग काकडे फुकट सांभाळायचे. नाशकात फुकट काम करणारा माणूस दिसला की आम्हाला एकच प्रश्न पडतो : हा कुठल्या वॉर्डातून उभा राहणार?

काकडेंचा तर सगळ्या जगावरच संशय. चष्म्यावरून बघत म्हणायचे, "खरं बोला. तीस वर्षं ड्रायव्हरांच्या सबबी ऐकल्यात."

माझी आठ वर्षांची मुग्धा घरात अखंड बडबडायची, बाहेर चकार शब्द नाही. दिवाळीनंतर शाळेत ठेवणार नाही, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. ओळखीचं कोणी भेटलं तर, म्हणून मी नाव नोंदवलं 'जोशी'. "जोशी!" अशी हाक आली तेव्हा मीही सगळ्यांबरोबर वळून पाहिलं, कोण हा बावळट? नंबर गेला.

काकडेंनी मला कोपऱ्यात गाठलं. "जोशी तुम्हीच ना? अहो, निम्मी रांग खोट्या नावांची. हाका मारण्यात बाईंची दुपार जाते आणि पाच-सहा पोरं पुढच्या गुरुवारवर पडतात. राहता कुठे?"

"अंबडला."

"झालं. नावं बंद. घर कुठंय ते तरी विसरणार नाही ना?"

पुढच्या गुरुवारपासून ते गावं पुकारू लागले. "सिन्नर लागली! येवला, तयार राहा!" जागा धरायला धावावं तसे आईबाप मुलांना घेऊन धावायचे. दोन महिन्यांचा नंबर तीन आठवड्यांवर आला. मी मनात म्हटलं, निवडणूक जवळ आलेली दिसते.

"अंबड!"

मुग्धाने माझी बाही ओढली. "बाबा, आपली लागली." भरल्या खोलीत, चांगलं मोठ्याने.

ती शाळेतही बोलायला लागली, तेव्हा शेवटच्या खेपेला मी काकडेंना विचारलंच, "उभे कुठून राहताय?"

"उभा कसला राहतोय! मला इथून घर गाठायची घाई. मुलगा एकटा असतो. परक्यांशी बोलत नाही."

"मग त्याला बाईंना दाखवा की."

"लहान होता तेव्हा त्याची आई म्हणत होती, मुंबईला दाखवू. मीच म्हटलं, लोक काय म्हणतील." त्यांनी यादीत डोकं घातलं.

बाई सोळा वर्षांपर्यंतचीच मुलं तपासायच्या. काकडेंचा मुलगा तेव्हा एकतीस वर्षांचा होता.