‘आधी’चा फोटो

थोरलीचे टोमॅटो विद्यापीठाने मारले. किडीचं नाव पुढे करू नका, उन्हावर ढकलू नका. धडधडीत दिवसाढवळ्या, गाडी घेऊन, टोप्या घालून माणसं आली आणि फळावर आलेलं पीक मारून गेली. वर अहवालात लिहून मोकळी झाली, ‘शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’.

गावात त्या दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणतात. जावा-जावा, शेजारी-शेजारी तुकडे, मध्ये एक बांध. दोघींनी टोमॅटो एकाच वेळी लावले, आणि यंदा थोरलीचे काकणभर सरस आले. हे काकणभर तिला जिवापाड प्यारं होतं. दरवर्षी बाजारात धाकटीची पाटी आधी रिकामी व्हायची आणि धाकटी ती मुद्दाम थोरलीपुढून मिरवत न्यायची. यंदा त्या मिरवण्याला खीळ बसणार होती.

तेवढ्यात विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे प्राध्यापक शाश्वत शेती शिकवायला उतरले. त्यांच्याकडे काठीवर बसवलेलं एक यंत्र होतं. ते मातीतला ओलावा मोजणार आणि ठिबकच्या नळ्यांतून आपोआप पाणी सोडणार. त्यासाठी त्यांनी थोरलीचा तुकडा निवडला, कारण तो रस्त्याला लागून होता आणि गाडी सावलीत उभी राहत होती.

“धाकटीला विचारलं नव्हतं ना आधी?” थोरलीने खात्री करून घेतली.

“छे! आदर्श तुकडा म्हणजे तुमचाच.”

थोरली फुगली. प्राध्यापकांनी मग पहिल्यांदाच पिकाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, हे फार हिरवं आहे हो.”

“मग? टोमॅटोची झाडं काय निळी असतात?”

“तसं नव्हे. आम्हाला एक फोटो ‘आधी’चा लागतो, एक ‘नंतर’चा. आधीच सगळं चांगलं असलं तर सुधारणा कशात दाखवू? थोडे दिवस पाणी तोडा. यंत्र सगळं भरून काढील.”

थोरलीचा नवरा पुटपुटला, “अगं, चांगलं चाललंय त्यात—”

“तुम्ही गप्प बसा. विद्यापीठ आहे ते, तुमच्यासारखं चौथी नापास नाही.”

पाणी तुटलं. पानांनी माना टाकल्या, फळं सुरकुतली. प्राध्यापक फोटोवाल्याला घेऊन आले आणि हरखलेच. “वा! काय सुंदर वाळलंय! मालक, तुम्ही त्या झाडापाशी उभे राहा. जरा हताश बघा.”

“बघतोय की.”

“ते रागाने बघताय. हताश, हताश!”

फोटो झाला, यंत्र बसलं. थोरली म्हणाली, “आता सोडा पाणी.”

“आता कसं? कुलगुरू येऊन बटण दाबणार. उद्घाटन नको व्हायला?”

“तोवर बादलीने घालते मी.”

“अजिबात नाही! वरचं पाणी पडलं की आकडे बिघडले.”

कुलगुरूंची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. शेवटी न राहवून थोरली एका दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, स्वतःच्याच शेतात चोरासारखी बादली घेऊन शिरली. कडेच्या रोपाला पाणी घातलं न घातलं तोच फोन खणखणला.

“ताई, ओलावा वाढलाय. शेतात कोण आहे?”

बादली तिच्या पायावर पडली. यंत्राला अजून पाणी पाजायची परवानगी नव्हती, चहाडी करायची मात्र होती.

बांधापलीकडे धाकटी पाइप धरून उभीच. “जाऊबाई, तुमचं ते आपोआप कधी सुरू होणार?”

“तुझं तोंड बंद झाल्यावर.”

“रागावता काय! घोटभर देऊ का पाणी? तुम्हाला हो. झाडांना चालायचं नाही.”

अखेर कुलगुरू आले. बटण दाबलं. टप टप टप करत पाणी थेट काड्यांवर पडू लागलं. पण प्राध्यापक काय डगमगतात! त्यांनी ‘नंतर’ लिहिलेली पाटी उचलली, बांध ओलांडला आणि धाकटीच्या लालभडक टोमॅटोंत रोवली.

“साहेब, अलीकडे ‘आधी’, पलीकडे ‘नंतर’!”

“अहो, यंत्र माझ्या तुकड्यात आहे!” थोरली ओरडली.

“भावना समजू शकतो, ताई.”

कुलगुरूंनी धाकटीला विचारलं, “काय काय केलंत तुम्ही?”

“मी? मी तर त्या काठीला हातसुद्धा लावला नाही.”

“ऐकलंत? शून्य श्रम!” टाळ्या. धाकटीचा फोटो. धाकटीचा आणखी एक फोटो. थोरलीचं पीक गेलंच होतं; आता ते काकणभरही गेलं. जिने नळी लावून घेतली नाही, ती आधुनिक ठरली. जिने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं, ती मागासलेली म्हणून कायमची छापली गेली.

मग कुलगुरूंनी जाहीर केलं, “पुढच्या हंगामात या ताईंच्याच शेतात याहून मोठं यंत्र!”

पुन्हा टाळ्या. त्या थांबायच्या आत प्राध्यापक धाकटीकडे झुकले.

“फक्त ताई, ‘आधी’च्या फोटोसाठी हे फार हिरवं आहे हो.”

धाकटीचं हसू जागीच वाळलं. तिने वळून पाहिलं. “जाऊबाई,” ती म्हणाली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या शब्दाला टोमणा चिकटलेला नव्हता.

थोरलीने काठी उपटली, यंत्रासकट, आणि तरातरा जाऊन गाडीपुढे उभी राहिली. पाठोपाठ धाकटी, हातात चालू पाइप. कुलगुरूंच्या बुटांना प्रथमच शेतीचं पाणी लागलं. ते चटकन आत बसले, काच वर गेली.

थोरलीने काचेवर काठी वाजवली. “साहेब, एवढं सांगा आणि मग जा. या कडेला दोनच तुकडे. माझा तुम्ही ‘आधी’ करून ठेवलात. आता हिचाही करणार. मग ‘नंतर’ कुठून आणणार?”

काच खाली येत नाही. गाडी चालू आहे, पाइपही चालू आहे, आणि दोघी जावा रस्त्यातून हलत नाहीत. बोला की साहेब, ‘नंतर’ कुठून आणणार?