लेडी ग्लेनिसचे सुकाणू

निवृत्त माणसाला स्वातंत्र्याची ओढ लागते, आणि स्वातंत्र्यात कामे फार असल्यामुळे त्याला सोबत बायको लागते. याच तत्त्वानुसार मी, नॉर्मन पिकरिंग, माजी वाहतूक नियोजन अधिकारी, बर्मिंगहॅमजवळचे राहते घर विकून एक लांबुळकी नाव घेतली आणि पत्नी ग्लेनिससह कालव्यावर राहायला गेलो.

नावेची रुंदी सात फूट. जगातली सत्तर टक्के भांडणे कोणीतरी दुसऱ्या खोलीत निघून गेल्यामुळे मिटतात, असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे पहिल्याच खोलीचे टोक. त्यामुळे आम्ही भांडत नाही. ग्लेनिस गप्प बसते आणि मी त्याला संमती समजतो. नावेला मी तिचेच नाव दिले आहे, 'लेडी ग्लेनिस'. नाव दिले की निराळे काही द्यावे लागत नाही.

कामाची वाटणी संपूर्ण समानतेची आहे. सुकाणू धरणे, समोरून येणाऱ्यांना हात करणे आणि कालव्यांच्या भवितव्याची चिंता वाहणे ही जबाबदारीची कामे माझ्याकडे. दोर बांधणे, कोळसा चढवणे आणि लॉकची दारे ढकलणे ही किरकोळ कामे तिच्याकडे. (संडासाचा डबा रिकामा करण्याचे काम आळीपाळीने होते. माझी पाळी अद्याप यायची आहे.) लॉक म्हणजे नाव चढवायचा-उतरवायचा दगडी हौद. त्याचे दार टनाच्या वर भरते. ग्लेनिस त्याला पाठ लावून ढकलते, तेव्हा मी सुकाणूवरून "जरा जोर लाव" असे मार्गदर्शन करतो. देशभरच्या कालव्यांवर नवरा उभा असतो आणि बायको धावत असते. परंपरेत ढवळाढवळ करणारा मी कोण?

मार्चमध्ये ग्लेनिसचा खांदा धरला.

"आजच्या लॉकला मी सुकाणू धरते," ती न्याहारीला म्हणाली.

"अगं, त्याला नजर लागते."

"इतकी वर्षं तुझ्याकडे बघतेच आहे की."

"बघणं वेगळं, ग्लेनिस."

"बरं. आजही नाहीच म्हणालास, तर पुढच्या गावात मी उतरते आणि गाडी पकडून बहिणीकडे जाते. परत यायची नाही. मग ही नाव तू आणि तुझी नजर मिळून चालवा."

मी हबकलो. ग्लेनिसशिवाय मला करमत नाही, हे एक. आणि दार कोण ढकलणार, हे दुसरे. (क्रम महत्त्वाचा आहे. मी तो दोनदा तपासला.) शेवटी मी मधला मार्ग काढला: या लॉकला तिने माझे प्रात्यक्षिक पाहावे, निर्णय त्यानंतर घेऊ. ती लॉकच्या दारांतल्या झडपा फिरवायचे हँडल घेऊन काठावर उतरली.

रविवार होता. लॉकवरच्या पुलावर थर्मास आणि कुत्री घेऊन बघे जमले होते. श्रोते दिसले की मला राहवत नाही. नाव हौदात शिरली, वरचे दार बंद झाले, ग्लेनिसने खालच्या झडपा उघडल्या, पाणी उतरू लागले, आणि मीही सुरू झालो.

"मंडळी, मागच्या, म्हणजे वरच्या, दारापाशी पाण्याखाली एक दगडी उंबरठा आहे. नाव काठावरच्या या पांढऱ्या रेघेच्या मागे राहिली, तर तिचं शेपूट उंबरठ्यावर अडकतं आणि तोंड पाण्याबरोबर खाली जातं. नवखे लोक हमखास ही चूक करतात."

"आत्ता तुमचं शेपूट कुठे आहे?" एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारले.

आतून कपबश्या घरंगळल्याचा आवाज आला. नावेचे तोंड खाली जात होते आणि मी व्याख्यानासकट वर राहिलो होतो. मी सुकाणूला मिठी मारली. खरे सांगतो, मी फार घाबरलो. तोंडून फक्त "ग्लेनिस" एवढेच निघाले.

ग्लेनिसने खालच्या झडपा धाडकन पाडल्या, हौदाच्या काठाने धावत वरच्या दाराशी आली आणि त्या दुखऱ्या खांद्याने तिथल्या झडपा हळूहळू उघडल्या. पाणी भरत आले. शेपूट सुटले. मग ती नावेवर आली आणि हँडल माझ्या हातात दिले.

"उतर," ती म्हणाली.

तिने नाव पांढऱ्या रेघेच्या चांगली पुढे घेतली आणि पाण्यासोबत अलगद खाली उतरवली. मी खालचे दार ढकलायला घेतले. ते हलेना. तिसऱ्या प्रयत्नात हलले, तेव्हा पुलावर टाळ्या पडल्या.

"किती मदत करतात हो तुमचे मिस्टर!" जांभळ्या रेनकोटमधल्या एक बाई ग्लेनिसला म्हणाल्या. "नशीबवान आहात."

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिले. बाईंची चूक दुरुस्त करणे माझे कर्तव्य होते. पण दम लागला होता, आणि टाळ्या चालू होत्या.

पुढचे गाव आले, त्यातले स्टेशनही दिसले. ग्लेनिसने नाव थांबवली नाही. मी काठाने चालत होतो, कारण मला चढवून घेण्यासाठीही तिने ती थांबवली नव्हती. हँडल खांद्यावर होते आणि मला अतोनात आनंद झाला होता.

आपल्याला माझे हसू आले असेल. येणारच, आपण निवांत बसून वाचत आहात. तेवढे एकदा उठून आत जाऊन पाहावे, की या क्षणी आपल्या घरात दार कोण ढकलते आहे. मदत करू नये. टाळ्या पडतील.