सासूबाईंचं नाक आणि बाकीचं सगळं

"नाक जरा कमी कर," सासूबाई म्हणाल्या, आणि सूनबाईच्या हातातला ब्रश जागीच थबकला.

ते नाक काही साधंसुधं नव्हतं. चार दिवस खपून तिनं ते जांभळ्या-नारिंगी रंगांत उभं केलं होतं. कपाळ हिरवं, गाल निळे, हनुवटी लालभडक! 'स्त्री: रंग आणि ओळख' या प्रदर्शनात उद्या तिचं पहिलंवहिलं चित्र लागणार होतं. अख्ख्या घराला बोटावर नाचवणाऱ्या बाईचं तेज गोऱ्या-सावळ्यात मावत नाही, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं.

"आई, हे जलरंग आहेत. खोडता येत नाहीत."

"मग पूस. एवढी फरशी पुसतेस ना!"

पुसता येत होतं, हीच तर पंचाईत होती. ओला ब्रश फिरवायचा, कापसानं टिपायचं, की रंग निघालाच. आणि सासूबाईंनी ऐन उद्घाटनात तोंड वाकडं केलं, तर ते सरळ व्हायला वर्ष लागलं असतं. तिनं नाक बारीक केलं. त्याबरोबर गाल सुजल्यासारखे दिसायला लागले. गाल उतरवले, तर हनुवटीखाली आणखी एक हनुवटी उघडी पडली.

"ही कुणाची?"

"तुमचीच, आई."

"माझी नाही. काढ. आणि कपाळावर हे शेवाळ कशाला?"

"ती तुमच्या आतली शक्ती आहे."

"आतली आहे ना? मग आतच राहू दे."

संध्याकाळी नवरा चहाचा कप घेऊन डोकावला. "अरे वा, केस झाले वाटतं! आता आईला कधी काढणार?"

खरोखरच कागदावर केस, चष्मा आणि चष्म्यामागचे दोन जळजळीत डोळे एवढंच उरलं होतं. मधे कोरा कागद.

"आता कशी गोरीपान दिसतेय!" सासूबाई खूश झाल्या.

नवं चित्र काढायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात तेच लागलं, आणि सूनबाई खांबाआड उभी राहिली. बक्षिसं ठरवणाऱ्या परीक्षक बाई चित्रासमोर आल्या, थांबल्या आणि त्यांनी रुमाल काढला. "संसारानं हिचं काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही हो! फक्त नजर उरली!" पहिलं बक्षीस तिथल्या तिथे जाहीर झालं. सूनबाईचा आनंद गगनात मावेना. ती धावतच पुढे आली.

तोवर परीक्षक बाईंनी चष्म्यावरून सासूबाईंना ओळखलं होतं. कुणी खुर्ची आणली, कुणी सरबत. एवढी सहानुभूती सासूबाईंना जन्मात मिळाली नव्हती, आणि ती त्यांना चांगलीच मानवली होती.

"कुणी केलं हो तुमचं हे असं?" परीक्षक बाईंनी त्यांचे हात हातात घेऊन विचारलं.

सूनबाईनं मागून हातवारे करून पाहिले. सासूबाईंनी सरबताचा एक घोट घेतला आणि कोरडेच डोळे पदरानं टिपले.

"हिनं. माझ्या सख्ख्या सुनेनं," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसले होते."