शंका आली की गप्प

कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी. बावीस वर्षांत तिथे कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्यापुढे घरचं एक रविवारचं जेवण म्हणजे किस झाड की पत्ती! असं मी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

जेवायला मुलगा येणार होता, तीन वर्षांनी. आणि सोबत 'तो'. तीन वर्षांपूर्वी मुलाने "मला मुलगेच आवडतात" असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द गेला होता. तो इथे लिहीत नाही. त्या एका शब्दापायी पोरगं घर सोडून गेलं. म्हणून या वेळी शब्दांचीच खबरदारी घ्यायची, असं मी ठरवलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडून पुस्तिका आणली. लिंगभाव, लैंगिक कल, समलिंगी, पारलिंगी, लैंगिक आरोग्य... बत्तीस पानं! रोज संध्याकाळी मी बायकोचा आणि माझ्या ताईचा वर्ग घ्यायला लागलो.

"लिंगभाव म्हणजे?"

"आपण आतून स्वतःला कोण समजतो ते!" ताईने घडाघडा सांगितलं. वय वर्षं अडुसष्ट!

"आणि लैंगिक कल?"

"आपल्याला कोण आवडतं ते," बायको म्हणाली. "पण अहो, त्याच्या त्या मित्राला जेवायला काय आवडतं, ते आहे का यात?"

"मित्र नाही, जोडीदार! पान सात!"

ती बिचारी वरमली. "मी चुकले तर तो पुन्हा जाईल का हो?"

आतून मीही टरकलोच होतो. म्हणून कारखान्यातला नियम घरी लावला. शंका आली की यंत्र बंद. म्हणजे तोंड बंद!

रविवारी दोघे आले. मुलगा वाळला होता. 'किती वाळलास रे' अगदी ओठांवर आलं, पण कोणाच्या शरीरावर बोलू नये, असं पान बारावर होतं. गिळलं.

"आत्या, गुडघे कसे आहेत?" मुलाने विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. गुडघे पुस्तिकेत नव्हते. तिने नुसती मान हलवली!

"काका, कारखाना काय म्हणतोय?" जोडीदाराने विचारलं. पोरगा गोड होता.

"सुरक्षित," मी म्हणालो.

भाजीत मीठ नव्हतं. कोणी मागितलंही नाही.

मग मुलाने घसा खाकरला. "आई, बाबा, आम्ही दोघांनी घर घेतलंय. पुढच्या महिन्यात राहायला जातोय. तुम्ही याल?"

येणारच, गाढवा! पण याला संसार म्हणायचं की सहजीवन? आशीर्वाद द्यायचा की अभिनंदन करायचं? मी मनातल्या मनात पानं उलटत राहिलो. बायको तोंड उघडणार, तोच टेबलाखाली मी तिचा पाय दाबला. ताई पाणी पीत राहिली, पेला रिकामा झाला तरी!

मुलगा उठला. ताट अर्धं तसंच होतं.

दारात जोडीदार चपला घालता घालता हळूच म्हणाला, "काका, तो आठवडाभर तयारी करत होता. तुम्ही ओरडलात तर काय बोलायचं, काकू रडल्या तर काय बोलायचं. तुम्ही कोणी बोलणारच नाही, हे आम्हाला सुचलंच नव्हतं."

"चल रे," जिन्यातून मुलाचा आवाज आला. "मागच्या वेळी निदान बोलले तरी होते!"

बायको रडायलाच लागली. "अहो, आता तरी हाक मारा!"

मी गॅलरीत धावलो आणि जीव खाऊन हाक मारली. अख्ख्या गल्लीने वर पाहिलं. ते दोघे तेवढे कोपऱ्यावरून वळले होते.